उलट टपाली

20 जानेवारी 1971 रोजी ब्रिटनमधले टपाल कर्मचारी संपावर गेले. जवळपास सात आठवडे त्या देशातली पत्रे जागच्या जागी पडून राहिली. संपाचा फटका सगळ्यांनाच बसला, पण एका संस्थेसाठी ही वेळ फारच वाईट होती. ओपन युनिव्हर्सिटीचे पहिलेवहिले विद्यार्थी, सुमारे 25 हजार, नेमके त्याच महिन्यात अभ्यासाला बसले होते.

आता गंमत पाहा. या विद्यापीठाची कल्पना हॅरॉल्ड विल्सन यांनी 1963 मध्ये ग्लासगोच्या भाषणात मांडली, तेव्हा तिचे नाव होते 'युनिव्हर्सिटी ऑफ द एअर'. रेडिओ आणि टीव्हीवरून घराघरांत पोचणारे विद्यापीठ. बीबीसी त्याचे पाठ प्रक्षेपित करणार, नोकरदार माणूस घरी बसून पदवी घेणार. 1969 मध्ये सनद मिळाली तोवर नाव बदलले होते, पण लोकांच्या डोक्यात चित्र तेच होते. विद्यापीठ खरोखरच हवेतून चालणार असते, तर टपालाच्या संपाने त्याचे काहीच बिघडायला नको होते. टीव्हीचे पाठ ठरल्या वेळी लागतच होते. तरीही विद्यापीठाची घडी विस्कटली. छापील पाठ टपालाने जायचे, विद्यार्थ्यांचे स्वाध्याय टपालाने यायचे, आणि शिक्षकाने समासात लाल शाईने लिहिलेले शेरे टपालानेच परत जायचे. विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ या कागदांत जायचा. टीव्हीचा वाटा, वेळाच्या हिशेबाने, लहान होता.

दूरशिक्षणाच्या इतिहासाकडे या टपालाच्या बाजूने पाहिले की तो वेगळाच दिसू लागतो. एरवी तो यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी टपाल, मग रेडिओ, मग दूरदर्शन, उपग्रह, इंटरनेट, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. प्राध्यापकांसाठीच्या कुठल्याही उजळणी वर्गात ही यादी पहिल्या तासाला पडद्यावर येते. तिच्यात एक खोट आहे. शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्यापर्यंत कसा गेला एवढेच ती सांगते. विद्यार्थ्याची चूक शिक्षकापर्यंत कशी आली आणि दुरुस्त होऊन परत कशी गेली, याबद्दल ती गप्प असते.

ब्रिटनमध्ये 1840 मध्ये पेनी पोस्ट सुरू झाली आणि देशात कुठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले. बाथ गावच्या आयझॅक पिटमन यांनी लगेच आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, पिटमन यांनी तो तपासून परत करायचा. लघुलिपीची पुस्तके त्याआधीही विकत मिळत होती. पिटमन यांनी पुस्तकात जी भर घातली ती तपासून देण्याची. पत्राद्वारे शिक्षणाचा जन्म म्हणायचा तर तो इथे.

यंत्र बदलल्याने शिक्षण किती सुधारते, यावर शिक्षणशास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षे भांडत आले आहेत. अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्ये एक निबंध लिहून या भांडणात काडी टाकली. त्यांचे म्हणणे असे: माध्यम हे नुसते वाहन आहे; किराणा माल ट्रकने आला म्हणून खाणाऱ्याची तब्येत सुधारत नाही. तंत्रज्ञानवाल्यांना हे अर्थातच झोंबले. पुढे 2004 मध्ये बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी दूरशिक्षण आणि वर्गशिक्षण यांची तुलना करणारे 232 अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला. पण या शून्यापेक्षा त्यामागचा पसारा महत्त्वाचा होता. काही दूरशिक्षण अभ्यासक्रम वर्गापेक्षा कितीतरी सरस ठरले होते आणि काही कितीतरी वाईट. म्हणजे 'ऑनलाइन चांगले की वर्ग चांगला' हा प्रश्नच कच्चा. एकच साधन वापरून कुणी उत्तम शिकवतो आणि कुणी वाट लावतो.

आपल्याकडे या प्रश्नाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रामाणिक परीक्षा झाली ती 'साइट' या प्रयोगात. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे बरोबर एक वर्ष 'नासा'चा एटीएस-6 उपग्रह भारताला उसना मिळाला. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही दिसू लागला. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. पण प्रयोगाचे व्यवस्थापन ज्यांच्याकडे होते ते एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते यशपाल. खेड्यात बसवलेली अँटेना तीन मीटर व्यासाची होती आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. ज्या गावांत विजेचाही भरवसा नाही, त्या गावांत हे करून दाखवणे ही इंजिनिअरिंगची कमालच होती. तिचे कौतुक भरपूर झाले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

कमी बोलले जाते ते त्यातल्या शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी होते. पण सुट्टीच्या काळात, ऑक्टोबर 1975 मध्ये आणि पुन्हा 1976 च्या उन्हाळ्यात, हीच व्यवस्था प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे हे सांगण्यासाठी वापरली गेली. दोन्ही फेऱ्या मिळून जवळपास 50 हजार शिक्षक त्यातून गेले. एवढ्या लोकांना एकाच वेळी शिकवायचे म्हणजे टीव्हीसमोर बसवायचे, असे कुणालाही वाटेल. आखणी करणाऱ्यांना तसे वाटले नाही. टीव्हीचा पाठ, रेडिओचा कार्यक्रम, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष करून पाहायचे प्रयोग यांची त्यांनी एकत्र गुंफण केली, आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक नेमला. टीव्ही बंद झाला की काम सुरू व्हायचे. गावात मिळणाऱ्या वस्तूंतून प्रयोग मांडायचा, तो फसला तर का फसला यावर बोलायचे. पडद्यावरच्या तज्ज्ञाला खेड्यातल्या शिक्षकाची शंका ऐकू येत नव्हती. ती ऐकायला मार्गदर्शक होता. शिवाय 'इस्रो'ने समाजशास्त्रज्ञांना खेड्यांत राहायला पाठवले होते. लोक काय पाहतात, कधी उठून जातात, काय बोलतात, हे टिपून घ्यायला. उपग्रह एकतर्फी होता, पण माणसांची व्यवस्था दुतर्फी होती.

पुढे जे झाले ते याच्या उलट. 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रासह देशातल्या काही मोजक्या केंद्रांनी त्यासाठी कार्यक्रम बनवले. त्या पिढीतल्या अनेकांना त्यातले काही भाग आजही आठवतात, आणि ते होतेही चांगले. पण हे कार्यक्रम अभ्यासक्रमाशी बांधलेले नव्हते, मुख्यतः इंग्रजीत होते, आणि दुपारी महाविद्यालयाचे तास चालू असताना लागायचे. पाहून झाल्यावर मनात आलेला प्रश्न कुणाला विचारायचा, याची काही सोय नव्हती. ज्याला आधीच गोडी होती त्याची वाढली. बाकीच्यांसाठी तो क्रिकेट सामन्यांच्या मधला वेळ होता.

20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठी बनवलेला 'एड्युसॅट' अवकाशात गेला, तेव्हा या उणिवेवर उपाय सापडला असे वाटले. या उपग्रहावरून दुतर्फी संवाद होणार होता: नाशकातला विद्यार्थी हात वर करील आणि दूरचा प्राध्यापक त्याला उत्तर देईल. तयारीचा प्रयोग आधीच्या इन्सॅट-3बी उपग्रहावर झाला. त्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. उपग्रह 2010 पर्यंत चालला. नंतर महालेखापरीक्षकांनी या सगळ्याचा हिशेब मांडला आणि तीन ठिकाणी बोट ठेवले: केंद्रांची जोडणी, शिकवण्याचे साहित्य आणि चालवणारी यंत्रणा. अवकाशात जे गेले ते नीट काम करत होते. गडबड जमिनीवर होती. बत्तीस इंची पडदा खरेदी करता येतो, त्याला मंजुरी मिळते, उद्घाटनही होते. पडद्यासमोर दर बुधवारी तीन वाजता हजर राहून विद्यार्थ्यांचे प्रश्न गोळा करणाऱ्या माणसासाठी मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात ओळ नसते.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्या स्थापनेच्या विचाराकडे वळू. 1 जुलै 1989 रोजी ते स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी आधीच सांभाळले होते, आणि पुढे ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे येता यावे, ही त्याची सोय हजारो बायकांना, गिरणी कामगारांना, पोलिस शिपायांना उपयोगी पडली. पण शिक्षणाच्या दृष्टीने खरे काम दोन गोष्टींत होते. एक म्हणजे पुस्तके. स्वयं-अध्ययनाचे पुस्तक क्रमिक पुस्तकासारखे लिहून चालत नाही. घटकाची उद्दिष्टे आधी सांगावी लागतात, दोन-तीन पानांवर थांबून 'आतापर्यंत काय समजले' हे विचारावे लागते, आणि उत्तरे मागे द्यावी लागतात. शिक्षक समोर नसताना तो जे विचारील ते पानावर आणायचे. हे लिहिणे किती कठीण आहे हे ज्या प्राध्यापकाने एक तरी घटक लिहिला आहे त्याला विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासकेंद्र आणि तिथला मार्गदर्शक शिक्षक, म्हणजे समंत्रक. एरवीच्या महाविद्यालयातच सुट्टीच्या दिवशी भरणारे संपर्कसत्र, त्यात शंका विचारायला येणारे नोकरदार, आणि तपासायचे स्वाध्याय.

दूरशिक्षण कुठलेही असो, देशातले वा परदेशातले, त्याचा कस या स्वाध्यायात लागतो. तपासणारा नुसते गुण लिहून मोकळा होतो की दोन ओळी लिहितो, यावर सगळे ठरते. माझे स्पष्ट मत आहे की आपल्याकडे दूरशिक्षणाला जो 'कमअस्सल' असा शिक्का बसला, तो पुस्तकांमुळे बसलेला नाही. पुस्तके पुष्कळ ठिकाणी नियमित महाविद्यालयांतल्या नोट्सपेक्षा सरस आहेत. जिथे अभ्यासकेंद्राची फॉर्म भरण्याची खिडकी झाली आणि स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागले, तिथे तो शिक्का बसला.

इंटरनेट आल्यावर पाठ पोचवण्याचा प्रश्न एका अर्थाने कायमचा संपला. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटेल' प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला आणि अभियांत्रिकीची उत्तमोत्तम व्याख्याने फुकट झाली. 2017 मध्ये सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. 2021 च्या नियमांनुसार एका सत्राच्या 40 टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक विद्यार्थ्याला तिथून घेता येतात. परदेशी अभ्यासक्रम तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. तरीही 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, तो बघण्यासारखा आहे. नाव नोंदवणाऱ्यांपैकी 52 टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. 2017-18 मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते अवघे 3.13 टक्के. व्याख्यानांचा दर्जा जगात पहिल्या क्रमांकाचा, देणाऱ्या संस्थांचे नावही तसेच.

नुसते व्याख्यान पोचवून भागत नाही, हे एनपीटेलवाल्यांना लवकर उमगले असावे. त्यांनी महाविद्यालयांत स्थानिक शाखा उघडायला लावल्या, तिथे एक समन्वयक आणि विषयवार मार्गदर्शक प्राध्यापक नेमायला सांगितले, आणि परीक्षा केंद्रावर येऊन द्यायची असे ठरवले. पडद्यावर आयआयटीचे प्राध्यापक असले तरी 'सर, हे गणित अडलंय' असे म्हणायला आपल्याच महाविद्यालयातले सर हवे असतात.

याच दिशेने मुंबईच्या पवईत जे झाले ते महाविद्यालयीन शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. आयआयटीतले दीपक फाटक यांनी देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी हजारोंच्या कार्यशाळा घेतल्या. पद्धत अशी: सकाळी पवईहून थेट व्याख्यान, दुपारी त्या त्या केंद्रावर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम. आणि केंद्रावरच्या समन्वयकांना आधी पवईला बोलावून त्यांची वेगळी तयारी करून घ्यायची. 'साइट'मधला मार्गदर्शक तीस-पस्तीस वर्षांनी असा पुन्हा अवतरला. तिथल्याच 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने, कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, दहा-दहा मिनिटांचे संगणक-धडे तयार केले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. धडा अर्ध्या पडद्यावर, स्वतःचे काम उरलेल्या अर्ध्यावर. इथे चूक दाखवायला माणूस नसला तरी चालते. आज्ञा चुकली की संगणकच अडतो.

सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच शिक्षण-तंत्रज्ञानाचे संशोधन उभे केले. त्यांच्या नमुन्यात व्हिडिओ मधेच थांबतो. शिक्षक एक प्रश्न विचारतो, प्रेक्षकाने व्हिडिओ बंद करून उत्तर लिहायचे, आणि मग पुढचा भाग सुरू करायचा. त्यात शिक्षक लोकांच्या नेहमीच्या उत्तरांवर बोलतो. यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. मोबाइलवर पाठ चित्रित करणारा ग्रामीण महाविद्यालयातला शिक्षकही तो उद्यापासून थांबवू शकतो. अट एवढीच, की विद्यार्थी कुठे चुकतात हे त्याला आधी माहीत हवे. आणि ते वर्गातच कळते. याच गटाने संगणकशास्त्राच्या मोठ्या वर्गात 'आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांना सांगा' ही जुनी पद्धत वापरून मोजमाप केले, तेव्हा 83 टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. त्यात तंत्रज्ञान नावालाही नव्हते.

आता संशोधनाकडे. प्राध्यापकांच्या आयुष्यात शिकवणे आणि संशोधन हे दोन वेगळे कप्पे मानले जातात, पण उलट टपालाचा, म्हणजे उत्तर परत येण्याचा, प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. पूर्वी तालुक्याच्या महाविद्यालयातला शिक्षक संदर्भासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात खेटे घालायचा. आज गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'च्या 'शोधगंगा'वर पाच लाखांहून अधिक पीएच. डी. प्रबंध खुले आहेत. 2009 च्या नियमाने विद्यापीठांना ते तिथे देणे बंधनकारक झाले. 'एन-लिस्ट'मधून महाविद्यालयांना हजारो नियतकालिके मिळतात. 1 जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांसाठी 'एक देश, एक वर्गणी' योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके खुली झाली आहेत. ग्रंथपालाशी मैत्री ठेवणाऱ्या शिक्षकाला वाचायला काही कमी नाही. खेदाची गोष्ट अशी की अनेक ठिकाणी या सेवांचा पासवर्ड ग्रंथपालाच्या वहीतच राहतो.

वाचायला मिळते, पण आपण लिहिलेले वाचून कुणी उत्तर देते का? शोधनिबंधाच्या जगात हे काम समीक्षक करतो. निबंध पाठवला की दोन-तीन अनोळखी जाणकार तो वाचतात आणि चार पानांचे आक्षेप पाठवतात. वाचून राग येतो, झोप उडते, आणि निबंध सुधारतो. 2010 च्या आसपास बढतीसाठी निबंधांचे गुण मोजणे सुरू झाले आणि लोकांना निबंध छापून येण्याची घाई झाली. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तर तिच्यातही ती शिरली. 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेल्या आणि अन्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नावे वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून पारखलेल्या नियतकालिकांची 'केअर' यादी आली.

या बनावट नियतकालिकांवर टीका होते ती पैशांवरून. पैसे तर नावाजलेली नियतकालिकेही घेतात, आणि भरपूर घेतात. बनावट नियतकालिकाचा खरा गुन्हा असा की ते लेखकाला काहीच म्हणत नाही. पाठवले तसे छापले. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचेही थोडे असेच आहे. साधर्म्य 10 टक्क्यांच्या आत आले की नियमाप्रमाणे निबंध सुटतो. मग शब्द फिरवून आकडा खाली आणण्याचा उद्योग चालतो, आणि त्या निबंधात नवीन काय आहे हे विचारायचे राहूनच जाते.

फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने 'केअर' यादीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि शिक्षकांवर टाकली. आयोगाने काही निकष सुचवले आहेत. त्याखेरीज ज्याला पारखायचे आहे त्याने एक सोपा उद्योग करावा. नियतकालिकाचा जुना अंक उघडावा आणि एकेका निबंधाच्या पहिल्या पानावर तळाशी पाहावे. निबंध कधी मिळाला, सुधारून कधी आला आणि कधी स्वीकारला, या तारखा बहुतेक चांगली नियतकालिके छापतात. चार-सहा महिन्यांचे अंतर असेल आणि मधे 'सुधारित' अशी तारीख असेल, तर कुणीतरी वाचले आहे असे मानायला जागा आहे. अंकातले सगळे निबंध आले त्याच आठवड्यात स्वीकारले गेले असतील, किंवा तारखाच नसतील, तर वर्गणीचा फॉर्म भरण्याआधी संपादकाला एक पत्र टाकावे: माझ्या निबंधावर समीक्षकांचे शेरे मला मिळतील का?